कटर कुठला घेऊ? आधी सॉफ्टवेअर उघडून बघा

स्टिकर आणि डिकल (व्हिनाइल म्हणजे चिकट प्लास्टिकच्या पातळ शीटमधून कापलेली अक्षरं, चित्रं) कापायच्या मशीनबद्दल, म्हणजे कटरबद्दल, बरेच प्रश्न आलेत, त्यातले जे पुन्हा पुन्हा येतात ते यावेळी घेतलेत.

प्रश्न : मला हौस म्हणून घरी डिकल करायचेत. पाण्याच्या बाटल्या, लॅपटॉप, सायकलचं हेल्मेट, डब्यांवर नावं, कधीतरी गाडीच्या मागच्या काचेवर एखादी ओळ. धंदा करायचा नाहीये, निदान आत्ता तरी नाही. एकीकडे टेबलावर मावणारे क्रिकट नाहीतर सिल्हूट आहेत आणि दुसरीकडे रेडियमवाले वापरतात तसला स्टँडवाला २८ इंची प्लॉटर, साधा बघितला तर पैशात फारसा फरकही पडत नाहीये. मग मोठाच घेऊन टाकू का? ज्याला विचारावं तो वेगळंच सांगतो.

उत्तर : मोठं मिळतंय म्हणून मोठं घेऊ नका. तुम्ही जी यादी दिलीये त्यातलं एकही काम १२ इंचाच्या बाहेर जात नाही, आणि काचेवरची ओळ लांब असली तरी उंचीला कमीच असते, म्हणजे १२ इंच रुंदीच्या मशीनवर ती लांबीत आरामात कापता येते. क्रिकटचे एक्सप्लोर ३ आणि मेकर ३ त्यांचं ते स्मार्ट व्हिनाइल मॅटशिवाय, म्हणजे खाली चिकट शीट न ठेवता, सलग १२ फुटांपर्यंत कापतात, सिल्हूटच्या कॅमिओलाही रोल लावता येतो.

मोठा प्लॉटर वाईट असं मी म्हणत नाहीये हं, रोलच्या रोल संपवायचे असतील तर तो खरंच कामाचा आहे. पण त्याच्या पिंच रोलरला, म्हणजे व्हिनाइल वरून दाबून धरणाऱ्या त्या रबरी चाकांना, दोन्ही कडांना पकडायला जागा लागते, त्यामुळे छोटा उरलेला तुकडा त्यात नीट धरला जात नाही आणि हौशी कामात तर तुकडेच जास्त उरतात. मॅटवाल्या मशीनमध्ये चार बोटांएवढा तुकडासुद्धा चिकटवून कापता येतो. शिवाय अगदी स्वस्त प्लॉटरमधली स्टेपर मोटर (टप्प्याटप्प्यानं फिरणारी) आणि तिचा कंट्रोलर दोन्ही साधे असतात, मोठ्या अक्षरांना चालून जातं पण लहान अक्षरांच्या गोलाईवर बारीक पायऱ्या दिसायला लागतात, आवाजही भरपूर. रोलँड, ग्राफटेकचे सर्वो मोटरवाले प्लॉटर या बाबतीत फार वरचे आहेत, पण ते रोज काम काढणाऱ्यांसाठी, हौसेसाठी तेवढी गरज नाही.

आता माझ्या दृष्टीनं यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, जो मशीनच्या जाहिरातीत शेवटी बारीक अक्षरात असतो. सॉफ्टवेअर. मशीन फक्त ब्लेड फिरवतं, तुमचा तासन्‌तास वेळ जाणार आहे तो कॉम्प्युटरसमोर, आणि एकदा मशीन घेतलं की बहुतेक वेळा त्याच कंपनीच्या सॉफ्टवेअरशी गाठ बांधली जाते. म्हणून मशीन घ्यायच्या आधी सॉफ्टवेअर डाउनलोड करा, मशीन नसतानाही ती उघडतात, आणि तुमचं पहिलं डिझाइन त्यात करून बघा.

क्रिकटला डिझाइन स्पेस लागतं, त्यात अकाउंट काढावं लागतं. वापरायला सगळ्यात सोपं तेच आहे, नवीन माणूस पहिल्याच दिवशी काहीतरी कापून मोकळा होतो, पण सगळी सूत्रं कंपनीच्या हातात राहतात. मार्च २०२१ मध्ये कंपनीनं जाहीर केलं होतं की सबस्क्रिप्शन नसेल तर महिन्याला २० च डिझाइन अपलोड करता येतील, लोक भयंकर चिडले आणि काही दिवसांत तो निर्णय मागे घेतला. मागे घेतला हे चांगलंच झालं, पण पैसे देऊन घेतलेल्या मशीनबद्दल असं काही ठरू शकतं एवढं लक्षात असू द्या.

सिल्हूट स्टुडिओ शिकायला थोडं जड आहे पण डिझाइनची हत्यारं त्यात जास्त आहेत. एक मेख अशी की फुकटच्या बेसिक आवृत्तीत एसव्हीजी फाइल (रेषांच्या रूपात साठवलेलं डिझाइन) उघडत नाही, त्यासाठी पैसे भरून डिझायनर एडिशन घ्यावी लागते. बेसिकमध्ये डीएक्सएफ ही तशीच दुसरी फाइल मात्र उघडते, त्यामुळे इंकस्केप नावाच्या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये डिझाइन करून डीएक्सएफ काढायचं असा रस्ता आहे. ब्रदरच्या स्कॅनएनकटमध्ये स्कॅनर आतच असतो, कागदावर हातानं काढलेलं चित्र आत घातलं की मशीन स्वतः बघून त्याची कड कापतं, कॉम्प्युटर नको असणाऱ्यांना ते फार आवडतं. आणि साधे प्लॉटर म्हणाल तर ते बहुतेक एचपीजीएल नावाची जुनी भाषा बोलतात, त्यामुळे एका कंपनीला बांधलेले नसतात, इंकस्केप, शुअर कट्स अ लॉट, साइनकट असं बरंच काही चालतं, पण यूएसबीचा ड्रायव्हर टाकणं, कॉम पोर्टचा नंबर जुळवणं हे सगळं आपलं आपण करायचं, आणि मॅक असेल तर घेण्याआधी दोनदा विचारा.

मग डाउनलोड करून करायचं काय? तर मराठीत एक नाव टाइप करा. इंग्रजी नाही, मराठीच, कारण खरी परीक्षा तिथे होते. काही सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटतात, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे यायची ती उजवीकडे जाते, ते तर लगेच डोळ्याला दिसतं. न दिसणारी भानगड शिरोरेषेची आहे. फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेषा थोडी पुढच्या अक्षरावर चढलेली असते, काना, मात्रा यांचंही तसंच, स्क्रीनवर सगळं भरीव काळं दिसतं म्हणून कळत नाही, पण कटरला आतल्या सगळ्या रेषा दिसतात आणि तो प्रत्येक जोडावर इमानदारीत कापत जातो. मग वरचं नको असलेलं व्हिनाइल उचलायला घेतलं, ज्याला वीडिंग म्हणतात, की शिरोरेषेचे तुकडे तुकडे होऊन निघतात.

उपाय सोपा आहे. इंकस्केप फुकट आहे आणि त्यात देवनागरी व्यवस्थित जुळते. तिथे नाव टाइप करा, पाथ मेन्यूतून ऑब्जेक्ट टू पाथ करा, अनग्रुप करा, मग सगळं सिलेक्ट करून युनियन. त्यानंतर व्ह्यू मेन्यूतून आउटलाइन मोड लावा आणि झूम करून शिरोरेषा डावीकडून उजवीकडे बघत जा, आत एकही उभी रेघ दिसली नाही पाहिजे. डिझाइन स्पेसमध्ये हेच काम वेल्ड करतं. अनुस्वाराकडे पण बघा, तो सुटा ठिपका असतो, वीडिंग करताना सगळ्यात आधी तोच उचलला जातो, त्यामुळे अक्षर लहान असेल तर अनुस्वार मुद्दाम थोडा मोठा करून घ्यावा. एकूणच देवनागरी १ सेंटीमीटर उंचीच्या खाली न्यायची असेल तर जाड, साधा फॉन्टच घ्या, नाजूक कॅलिग्राफीवाला नको.

हे सगळं ज्या सॉफ्टवेअरमध्ये तुम्हाला न चिडता जमलं, त्याचं मशीन घ्या. तुमच्या कामाला क्रिकट एक्सप्लोर किंवा कॅमिओ, दोन्हीपैकी कुठलंही पुरेल. मला स्वतःला विचाराल तर स्वतः चित्रं काढणाऱ्या माणसाला मी कॅमिओ सांगेन, आणि तयार डिझाइन घेऊन पटकन काम संपवायचं असेल त्याला क्रिकट. सिल्हूटचं ८ इंची पोर्ट्रेट किंवा त्याहून छोटं क्रिकट जॉय फक्त लेबलं करायची असतील तरच, नाहीतर थोड्याच दिवसांत रुंदी कमी पडायला लागते.

प्रश्न : एका मशीनवर ४ किलो फोर्स (ब्लेड दाबायचा जोर) लिहिलंय, एकावर ३५० ग्रॅम. एवढा फरक? जास्त फोर्सवालं चांगलं ना?

उत्तर : व्हिनाइलसाठी नाही. ओराकल ६५१ हे डिकलसाठी सर्रास वापरलं जाणारं व्हिनाइल फक्त ६३ मायक्रॉन जाड असतं, ते कापायला साधारण १०० ग्रॅमच्या आसपास फोर्स पुरतो. तुम्ही म्हणताय तो ३५० ग्रॅमचा आकडा रोलँडच्या जीएस-२४ चा असावा, आणि ते बोर्ड-बॅनरची कामं करणाऱ्यांचं मशीन आहे. ४ किलोवालं क्रिकट मेकर आहे, तो फोर्स चामडं, बाल्सा लाकूड, जाड पुठ्ठा असल्या गोष्टींसाठी. त्या करायच्या असतील तर जरूर घ्या, नुसत्या डिकलसाठी त्याचे जास्तीचे पैसे द्यायची गरज नाही.

कट चांगला येतो तो ब्लेड किती बाहेर काढलंय यावर. आपल्याला वरचं व्हिनाइल पूर्ण कापायचंय आणि खालचा कागद शाबूत ठेवायचाय. ज्या मशीनमध्ये ब्लेड हातानं फिरवून खालीवर करता येतं तिथे होल्डर काढून हातात धरा आणि व्हिनाइलच्या कोपऱ्यावर पेनासारखी एक रेघ ओढा, मग व्हिनाइल सोलून खालचा कागद उजेडात तिरका धरून बघा. कागदावर अगदी पुसट ओरखडा दिसला पाहिजे, बोट फिरवलं तर जेमतेम जाणवेल एवढाच. काहीच दिसत नसेल तर ब्लेड कमी बाहेर आहे, आणि कागद चिरला जात असेल तर जास्त, असं जास्त बाहेर ठेवून कापत राहिलं तर ब्लेडचं टोक लवकर बोथट होतं आणि वीडिंग करताना कागदाचे पापुद्रे सोबत येतात. टोकाची खोली जमली की मग फोर्स थोडा थोडा वाढवत न्या, दोन्ही एकदम बदलू नका, नाहीतर कशामुळे काय झालं ते कळत नाही.

आणि प्रत्येक नवीन रोलला टेस्ट कट घ्याच, चौकोन आणि त्यात एक गोल. या मशीनचं ब्लेड खुर्चीच्या चाकासारखं मागे ओढलं जात आपोआप वळतं, त्याचं टोक मधोमध नसतं, साधारण पाव मिलिमीटर बाजूला असतं, त्याला ऑफसेट म्हणतात. चौकोनाचे कोपरे गोलसर आले किंवा कोपऱ्यावर शेपूट निघालं, नाहीतर गोल जिथे सुरू झाला तिथेच बंद होत नसेल, तर आधी ऑफसेट तपासा. साध्या व्हिनाइलला ४५ अंशाचं ब्लेड, रिफ्लेक्टिव्हसारख्या जाड मालाला ६० अंशाचं. कागद कापायचं ब्लेड वेगळं ठेवा, कागदानं धार लवकर जाते.

प्रश्न : कटर घेऊन झालाय, कटही छान येतोय. पण बाटलीवर लावलेली नावं एक-दोन धुण्यातच कडेनं सुटतात आणि हेल्मेटवर लावलं की दुसऱ्या दिवशी कडा उचलल्या जातात. व्हिनाइल चांगलं म्हणून घेतलेलं आहे, मशीनचा दोष असेल का?

उत्तर : मशीनचा काही संबंध नाही, माल आणि पृष्ठभाग यांचं जुळत नाहीये. रोलवर ६३१ लिहिलंय का बघा. ओराकल ६३१ हे भिंतीवर लावून नंतर काढता यावं म्हणून बनवलेलं, मॅट फिनिशचं, सौम्य गोंदाचं व्हिनाइल आहे, बाटलीवर ते टिकणारच नाही. बाटलीला ६५१ किंवा त्याच्या तोडीचं पर्मनंट लागेल. लावायच्या आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, साबणानं धुतलेली बाटली स्वच्छ दिसते पण साबणाचा थर राहतो. लावून झालं की दोन-तीन दिवस पाणी लावू नका, गोंद पूर्ण धरायला तेवढा वेळ लागतो, त्यानंतरही हातानंच धुवायची. आणि बाटली पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिलीनची असेल, म्हणजे हाताला जरा मेणचट लागतं ते प्लास्टिक, तर त्यावर नेहमीचा गोंद धरतच नाही, तिथे स्टील किंवा काचेची बाटली निवडणं हेच बरं.

हेल्मेटचं कारण दुसरं आहे. ६५१ कॅलेंडर्ड व्हिनाइल आहे, म्हणजे गरम माल रोलरमधून दाबून ताणून पातळ केलेला, आणि अशा मालाला पुन्हा आक्रसायची ओढ असते. सपाट किंवा एकाच दिशेनं वळलेल्या जागी ते छान बसतं, बाटली अशी एकाच दिशेनं वळलेली आहे. हेल्मेट दोन्ही दिशांनी वळतं, तिथे तुम्ही कड दाबून बसवली तरी ती रात्रीतून परत सरळ व्हायला बघते. त्यासाठी कास्ट व्हिनाइल घ्या, ओराकलमध्ये ७५१ किंवा ९५१, ते ओतून बनवतात त्यामुळे आत ताण राहत नाही आणि वळणावर शांत बसतं. महाग पडतं, म्हणून आख्खा रोल न घेता छोटं शीट घ्या. डिझाइनमध्येही टोकदार कोपरे थोडे गोल केलेत तर सुटायचं प्रमाण बरंच कमी होतं, टोक हीच पहिली सुटणारी जागा असते.

मोठं डिकल असेल तर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-चार थेंब घालून तो फवारा मारून लावतात, सरकवून जागेवर आणता येतं, मग स्क्वीजीनं, म्हणजे सपाट पट्टीनं, मधून बाहेर पाणी काढायचं आणि नीट वाळल्यावरच ट्रान्सफर टेप (कापलेलं डिझाइन उचलून जागेवर न्यायला वर लावलेली चिकट टेप) ओढायची, ओढताना अगदी स्वतःवर दुमडून, सरळ वर नाही. छोट्या नावांना ही ओली पद्धत नको, कोरडंच लावा.

प्रश्न : माझ्या दादाकडे डायोड लेझर एन्ग्रेव्हर पडून आहे. वेगळा कटर कशाला, त्यावरच व्हिनाइल कापलं तर?

उत्तर : अजिबात नको. डिकलचं व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी, आणि पीव्हीसी लेझरनं जाळलं की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. तो ओलसर जागी लागला की हायड्रोक्लोरिक ॲसिड तयार होतं, म्हणजे तुमचं नाक, घसा, डोळे, फुप्फुसं. मशीनच्या लोखंडी भागांनाही त्यानं गंज चढतो. खिडकी उघडी ठेवली, पंखा लावला, थोडंच कापलं, यातलं काहीही चालणार नाही. त्या लेझरवर कागदाचे किंवा पुठ्ठ्याचे स्टेन्सिल कापा, रंग मारायला फार छान होतात. व्हिनाइल फक्त ब्लेडनं.

प्रश्न : मला रंगीत, फोटोसारखे स्टिकर करायचेत. कुठला कटर रंगीत प्रिंट काढतो?

उत्तर : हे घरगुती कटर प्रिंट काढत नाहीत, त्यासाठी वेगळा इंकजेट प्रिंटर आणि छापायचं स्टिकर पेपर लागतं. प्रिंटच्या कोपऱ्यांत रजिस्ट्रेशन मार्क छापले जातात, कटरचा सेन्सर ते वाचून चित्राच्या कडेनं कापतो. तुम्हाला हेच करायचं असेल तर मशीनला ऑप्टिकल सेन्सर आहे ना एवढं बघून घ्या, क्रिकट एक्सप्लोर, मेकर आणि कॅमिओला तो असतो, स्वस्त प्लॉटरमध्ये बऱ्याचदा नसतो किंवा नुसता लाल लेझरचा ठिपका असतो जो हातानं मार्कवर न्यावा लागतो. चमकदार कागदावर सेन्सर चुकतो, मार्कवर मॅट पारदर्शक टेपचा छोटा तुकडा लावला की बहुतेक वेळा वाचतो. बाहेर वापरायचे स्टिकर असतील तर वर लॅमिनेशन हवंच, साध्या इंकजेटची शाई उन्हापाण्यात टिकत नाही.

प्रश्न : ओळखीतून एक जुना २४ इंची प्लॉटर मिळतोय. बघायला जाताना काय काय तपासू?

उत्तर : चांगल्या कंपनीचा असेल तर जुना प्लॉटर नव्या स्वस्तापेक्षा उजवा ठरू शकतो, त्यामुळे बघायला जरूर जा. ब्लेडच्या खाली रुंदीभर एक पांढरी पट्टी असते, तिच्यावर बोट फिरवा, खोल चरे पडले असतील तर आधीच्या माणसानं ब्लेड फार बाहेर ठेवून चालवलंय. पट्टी बदलता येते, पण ब्लेड होल्डरही तपासावा लागेल, आतलं ब्लेड बोटानं हळूच फिरवल्यावर अडखळता कामा नये, अडखळत असेल तर आतलं बेअरिंग गेलंय. पिंच रोलरचं रबर चपटं झालंय का, गुळगुळीत झालंय का ते बघा. मशीन बंद असताना कॅरेज, म्हणजे ब्लेड धरून सरकणारा भाग, हातानं या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवा, एकाच जागी जड जात असेल तर बेल्ट किंवा रूळ घाण झालाय किंवा झिजलाय.

मग कापायला लावा. २ मीटर लांबीचा एक बारीक आयत, आणि ब्लेड शेवटी जिथून निघालं तिथेच परत आलं पाहिजे. दोन मिलिमीटर बाजूला येत असेल तर व्हिनाइल तिरकं सरकतंय, आधी रोल सरळ लावून, कापायच्या आधी तेवढी लांबी पुढेमागे फिरवून परत एकदा घ्या, तरी तसंच आलं तर रोलर गेलेत असं समजा. त्यानंतर १ सेंटीमीटरची अक्षरं.

जुन्या मशीनला तुमच्या आत्ताच्या विंडोज किंवा मॅकसाठी ड्रायव्हर मिळतो का हे जायच्या आधीच कंपनीच्या साइटवर बघून ठेवा, काहींना फक्त सिरियल पोर्ट असतो आणि मग कन्व्हर्टर लागतो. चाचणी त्यांच्या कॉम्प्युटरवर त्यांच्या तयार फाइलनं घेऊ नका, स्वतःचा लॅपटॉप न्या, ड्रायव्हर आधीच टाकलेला, आणि युनियन करून ठेवलेलं तुमचं ते मराठी नाव कापून घ्या, तिथेच बसून वीडिंग करा, चिमटा सोबत असू द्या.